बोटीच्या इंजिनाचा टेंपरेचर काटा नाचतोय? या चुका टाळा

१ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. खारी, दमट हवा वायरींच्या जोडांत शिरते आणि ऑगस्टच्या पहिल्याच फेऱ्यांत काटा उड्या मारू लागतो. आता ७०, लगेच ११०, मग एकदम खाली. अशा वेळी काही जण मीटर बिघडला म्हणून त्याच्याकडे बघणंच सोडतात, तर काही थेट नवा सेन्सर आणतात. दुसऱ्या चुकीत पैसे जातात, पहिलीत इंजिन जाऊ शकतं.

काटा किती वेगाने हलतो ते आधी पाहा. ब्लॉकचं एवढं लोखंड आणि आतलं पाणी सेकंदाभरात ४० अंश तापत नाही, निवतही नाही. काटा झटक्यात उडत असेल तर संशय विजेच्या जोडणीवर घ्या. तो काही मिनिटांत हळूहळू चढत असेल आणि रेस कमी केल्यावर उतरत असेल, तर इंजिन खरंच तापतंय. तेव्हा वायरी चाचपत वेळ घालवू नका. समुद्राच्या पाण्याची गाळणी उघडा, कारण प्लास्टिकची पिशवी किंवा जेलीफिश अडकणं आपल्या किनाऱ्यावर नेहमीचं आहे. मग पंपाचा इम्पेलर, म्हणजे आतलं रबरी पात्यांचं चाक, बघा. त्याची पाती तुटलेली असतील तर नुसता नवा बसवून भागत नाही. तुटलेले रबराचे तुकडे पुढे हीट एक्स्चेंजरच्या (समुद्राच्या पाण्याने इंजिनातलं पाणी निववणारा भाग) तोंडाशी अडकतात, तेही शोधून काढावे लागतात.

काटा अचानक खाली पडला की हायसं वाटतं, आणि सर्वांत मोठा धोका तिथेच असतो. सेन्सर कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन निववणाऱ्या आतल्या पाण्यात, बुडालेला असेल तरच खरं सांगतो. कूलंट गळून पातळी उतरली की तो हवेत किंवा वाफेत उघडा पडतो. इंजिन भाजत असताना काटा थंड दाखवू शकतो. कूलंट बदलल्यावर आत हवा राहिली तरी काटा वरखाली होतो. म्हणून पातळी तपासाच, पण इंजिन पूर्ण निवल्यावर. गरम इंजिनाचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी अंगावर येतं.

विजेचा दोष शोधताना सुरुवात अर्थिंगपासून करा. दिवे किंवा बिल्ज पंप (तळात साचलेलं पाणी उपसणारा) चालू केल्यावर काटा हलतो का? ऑइल प्रेशरचा काटाही सोबत हलतो का? तसं असेल तर सेन्सरचा दोष असण्याची शक्यता कमी. पॅनेलची किंवा इंजिनाची अर्थ वायर सैल असेल, नाहीतर लगवर, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीवर, हिरवा गंज चढला असेल. लग सोडवून घासा, घट्ट बसवा, वर ग्रीस लावा. तांब्याची तार आतपर्यंत काळी पडली असेल तर तो भाग कापून टाका. बोटीवर टिनचा मुलामा असलेलीच वायर वापरावी, असं माझं ठाम मत आहे.

नेहमीच्या एका वायरच्या सेन्सरची परीक्षा सोपी आहे. चावी चालू ठेवून वायर काढा, काटा थंड टोकाला गेला पाहिजे. तीच वायर क्षणभर ब्लॉकला टेकवा, काटा गरम टोकाला गेला पाहिजे. दोन्ही जमलं तर मीटर आणि वायर ठीक, दोष सेन्सरचा किंवा त्याच्या बैठकीचा. या सेन्सरचं अर्थिंग आट्यांतून होतं. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे जाड थर गुंडाळले की नवा सेन्सरही चुकीचं दाखवतो. सेन्सर मीटरशी जुळणाराच घ्या. आटे बसले म्हणजे ओहम (विजेचा रोध) जुळले असं नाही. पोलादी किंवा ॲल्युमिनियमच्या काही बोटींवर दोन टोकांचा, अर्थ वेगळा ठेवलेला सेन्सर असतो. त्याच्या जागी एका टोकाचा बसवू नका.

तरीही शंका उरली तर इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) घरावर धरा. चकचकीत धातूवर तो कमी दाखवतो, म्हणून रंगवलेल्या जागी मोजा.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला बंदरावर सर्रास मिळतो. तो मानू नका. डिझेल इंजिन कायम थंड चाललं की धूर वाढतो, डिझेल जास्त जळतं आणि सिलिंडर लवकर झिजतो.

धोक्याच्या बझरचा स्विच बहुधा सेन्सरहून वेगळा असतो. काटा दुरुस्त होईपर्यंत तुमची भिस्त त्याच्यावरच आहे. अनेक इंजिनांत त्याची वायर ब्लॉकला टेकवली की बझर वाजतो. बंदर सोडण्यापूर्वी तो वाजवून पाहा, आणि वाजला नाही तर आधी तो नीट करून घ्या.