मूल ॲडमिट आहे? औषधांच्या आकड्यांतल्या या चुका टाळा

मोठ्या माणसाला तापाची गोळी द्यायची तर कुणी वजनकाटा काढत नाही. मुलाचा डोस मात्र दर वेळी हिशेब करूनच निघतो. आधी वजन, मग मिलिग्रॅम, मग त्या बाटलीतले किती मिली. बोस्टनच्या दोन रुग्णालयांतल्या मुलांवर २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, इजा होऊ शकली असती अशा चुका मोठ्यांच्या तिप्पट आढळल्या, आणि त्यात डोसच्या चुका सर्वांत जास्त होत्या. आकडा तपासायला डॉक्टर असावं लागत नाही. खाटेशेजारी बसलेल्या आईलाही तो तपासता येतो.

वजन अंदाजाने सांगू नका

“वजन किती?” “असेल दहा-अकरा.” घाईत हेच केसपेपरवर चढतं आणि पुढचा प्रत्येक डोस त्यावरच निघतो. जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या मुलाचं मागच्या महिन्यातलं वजनही कामाचं नाही. ॲडमिट करताना चप्पल-स्वेटर काढून काट्यावर ठेवायला लावा आणि तो आकडा स्वतः लिहून ठेवा. लिहितानाही जपा. मराठी ४ इंग्रजी आठासारखा दिसतो आणि १ नऊसारखा. फोनवर सांगितलेल्या ऑर्डरमध्ये ‘सात’ आणि ‘साठ’ यांचा असाच घोळ होऊ शकतो, म्हणून ऐकणाऱ्याने आकडा परत वाचून दाखवायचा असतो. ०.५ लिहिताना पुढचं शून्य गाळलं आणि टिंब पुसट आलं, की डोस दहापट.

मिग्रॅ म्हणजे मिली नव्हे

सगळ्यात जास्त वेळ याच चुकीला द्यावासा वाटतो. तापावरच्या पॅरासिटामॉलचं उदाहरण घ्या. एका वेळी किलोमागे १० ते १५ मिग्रॅ हा नेहमीचा डोस. १० किलोच्या मुलाला १५० मिग्रॅ हवं असेल, तर ५ मिलीत १२५ मिग्रॅ असलेल्या सिरपचे ६ मिली लागतात, ५ मिलीत २५० असलेल्या सिरपचे ३, आणि १ मिलीत १०० असलेल्या ड्रॉप्सचे फक्त दीड. आता आईच्या डोक्यात ‘सहा मिली’ बसलेलं आहे आणि केमिस्टने ड्रॉप्स दिले, तर एका घोटात ६०० मिग्रॅ पोटात जातं. म्हणून “किती मिली?” एवढंच विचारून थांबू नका. “कुठल्या बाटलीचे?” हेही विचारा, आणि डिस्चार्ज कार्डावर औषधाच्या नावासमोर ताकद, म्हणजे किती मिलीत किती मिग्रॅ, लिहून घ्या. घरचा चमचा नको, बाटलीसोबतचं माप किंवा तोंडाने औषध द्यायची सिरिंज वापरा.

शिरेतून देतात त्या पॅरासिटामॉलमध्ये १ मिलीला १० मिग्रॅ असतं. ७५ मिग्रॅ म्हणजे साडेसात मिली. कुणी ७५ मिली सोडलं, तर दहापट डोस गेला. १०० मिलीची अख्खी बाटली तान्ह्या बाळाच्या सुईला थेट जोडलेली दिसली, तर तिथल्या तिथे सिस्टरना विचारा. बाळाला द्यायचं तेवढंच औषध सिरिंजमध्ये किंवा ब्युरेटमध्ये, म्हणजे सलाइनच्या नळीला जोडलेल्या खुणांच्या नळकांड्यात, मोजून घेतलेलं असायला हवं.

बाटली ओळखीची वाटली म्हणून

३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळच्या घाटंजी तालुक्यात १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हँड सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं बरी झाली. २००७ मध्ये लॉस एंजेलिसला अभिनेता डेनिस क्वेड यांच्या नवजात जुळ्यांना १ मिलीत १० युनिट असलेल्या हेपारिनऐवजी (रक्त गोठू न देणारं औषध) १०,००० युनिटचं दिलं गेलं. दोन्ही कुप्यांच्या लेबलांचा निळा रंग जवळपास सारखा. जुळी वाचली. आदल्याच वर्षी इंडियानापोलिसमध्ये अशाच गोंधळात तीन बाळं दगावली होती. अशा वेळी माणसावर कारवाई होते. दिसायला सारख्या बाटल्या शेजारी-शेजारी कुणी ठेवल्या, हा प्रश्न मात्र मागे पडतो, आणि माझ्या मते तोच आधी विचारायला हवा.

एकच औषध दोनदा

तालुक्याच्या दवाखान्यात ताप उतरायचं इंजेक्शन दिलं, जिल्ह्याला पाठवलं, तिथे पुन्हा दिलं. मधल्या चिठ्ठीवर वेळ नाही. रेफर होताना ‘काय दिलं, किती, किती वाजता’ हे तीन रकाने भरून घेतल्याशिवाय ॲम्ब्युलन्समध्ये बसू नका. ड्यूटी बदलतानाही हेच होतं.

पिशवीतलं सिरपही याच खात्यात. रात्री ताप चढला, सिस्टर दुसऱ्या खाटेवर आहेत, म्हणून आजीने घरून आणलेलं दोन चमचे पाजलं. तासाभरापूर्वी शिरेतून तेच औषध गेलेलं असतं! सर्दीच्या बऱ्याच सिरपांतही पॅरासिटामॉल असतं. आणलेली सगळी औषधं, आयुर्वेदिकसुद्धा, पहिल्याच दिवशी सिस्टरना दाखवा आणि विचारल्याशिवाय एक थेंबही देऊ नका.

इंजेक्शनआधी मुलाचं नाव विचारणारी सिस्टर तुम्हाला ओळखत नाही असं नसतं, ती नियम पाळत असते. दोन ‘आरव’ एकाच वॉर्डात असू शकतात. मनगटावरची पट्टी काढू नका. ॲलर्जी असेल, तर ती फाइलच्या पहिल्या पानावर लिहिली आहे का ते बघा. “हे कशासाठी आणि किती?” असं विचारल्याने सिस्टर रागावतील ही भीती अनेकांना असते. कधी रागावतातही. तरी विचारा.

चूक झालीच तर

लपवू नका, उलटी करवू नका. लगेच सिस्टरना सांगा. बाटली, कुपी, रॅपर काहीही टाकू नका आणि वेळ लिहून ठेवा. पॅरासिटामॉल जास्त गेलेलं मूल पहिल्या दिवशी खेळताना दिसतं, यकृताची इजा नंतर उघड होते. उतारा म्हणून दिलं जाणारं ॲसिटिलसिस्टीन पहिल्या आठ तासांत सुरू झालं, तर सर्वांत चांगलं काम करतं. “बघू सकाळी” म्हणण्यात हेच तास निघून जातात.

औषधाने पुरळ, सूज असा त्रास झाला, तर डॉक्टरांना सांगून झाल्यावर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या भारतीय फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री क्रमांकावर नोंद करता येते. फोन करताना औषधाचं नाव आणि बॅच नंबर हाताशी ठेवा.