माणसागणिक खाते, माणसागणिक किल्ली: सर्व्हरवर एसएसएच लॉगिन कसे द्यावे

पावसाने लोकल बंद पडल्या की अंधेरीच्या ऑफिसातला सर्व्हर विरार, बदलापूर, पनवेलच्या घरांतून चालवावा लागतो. अशा वेळी रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, एकच पासवर्ड व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला, तर पुढे कोणी काय केले याचा पत्ता लागत नाही. म्हणून ही तयारी मे महिन्यातच करा. एसएसएच म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे लॉगिन करण्याची सोय; इथली रीत उबंटू आणि डेबियन या लिनक्सच्या प्रकारांसाठी आहे.

टेलनेट या जुन्या लॉगिन पद्धतीचा विचारही नको. त्यात पासवर्ड उघडाच जातो. फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले, तेव्हाच तातू युलोनेन यांनी १९९५ साली एसएसएच लिहिले.

सुरुवातीला 'ॲडयूजर' कमांडने प्रत्येकाचे खाते उघडा. मग ज्याचे खाते आहे त्यानेच आपल्या लॅपटॉपवर 'एसएसएच-कीजेन' चालवून ईडी२५५१९ प्रकारची किल्ली बनवावी, आणि तिला पासफ्रेज (किल्लीचा स्वतःचा पासवर्ड) द्यावीच. दोन फाइली तयार होतात. सर्व्हर सांभाळणाऱ्या तुमच्याकडे यायची ती फक्त 'डॉट पब'वाली, म्हणजे सार्वजनिक किल्ली. दुसरी, खासगी किल्ली, त्या लॅपटॉपबाहेर जाता कामा नये.

'डॉट पब' फाइलीतली एक ओळ सर्व्हरवर त्याच्या होम फोल्डरमधल्या 'डॉट एसएसएच'च्या 'ऑथोराइज्ड कीज' फाइलीत टाका. बहुतेक लॉगिन इथेच अडतात. फोल्डरला ७००, फाइलीला ६०० परवानगी हवी, आणि दोन्हींची मालकी त्या युजरची. रूटने बनवलेली ६०० परवानगीची फाइल मालकी न बदलता सोडली असेल, तर किल्ली बरोबर असूनही दार उघडत नाही.

पहिल्या लॉगिनला सर्व्हरचा फिंगरप्रिंट, म्हणजे त्याची ओळख पटवणारी अक्षरांची ओळ, दिसतो. तो तुम्हाला फोनवर वाचून दाखवल्याशिवाय कोणी 'येस' म्हणू नये.

सगळे आत येऊ लागले, निदान एकाला सुडोचा (गरजेपुरता रूटसारखी कमांड चालवण्याचा) अधिकार मिळाला, की एसएसएचडीच्या, म्हणजे सर्व्हरवर एसएसएच चालवणाऱ्या सर्व्हिसच्या, कॉन्फिग फाइलीत पासवर्डने लॉगिन आणि रूटचे लॉगिन दोन्ही बंद करा. 'एसएसएचडी -टी'ने फाइल तपासा, सर्व्हिस रीलोड करा. पण चालू विंडो बंद करू नका. दुसऱ्या विंडोतून आत जाता आले, तरच पहिली सोडा. क्लाउडवरच्या सर्व्हरवर 'एसएसएचडी कॉन्फिग डॉट डी' फोल्डरही बघा, कारण तिथली सेटिंग आधी वाचली जाते आणि तीच लागू होते.

कोणी नोकरी सोडली, तर नुसता पासवर्ड लॉक करून भागत नाही, किल्ली चालूच राहते. तिची ओळ काढा, 'यूजरमॉड'ने खात्याची मुदत संपवा आणि त्याची उघडी सेशन्सही तोडा.