भंगारातली क्रूझर: ‘सव्वीस’वर जाऊ नका

सायकलची जुनी फ्रेम मिळाली, आता जाड टायर बसवून तिची क्रूझर (जाड टायरची आरामशीर सायकल) करू म्हणून भंगारवाल्याकडून ‘२६ची’ (इंची) रिम उचलाल तर फसाल. सव्वीसच्या रिमा एकाच मापाच्या नसतात. लेडीज सायकलच्या २६ × १ ३/८ टायरला ५९० मि.मी. व्यासाची रिम लागते, क्रूझरच्या २६ × २.१२५ ला ५५९ची. टायर चढवताना अंगठे सोलून निघतात, तेव्हा कळतं! टायरच्या बाजूवर ‘५४-५५९’ असा आकडा असतो. त्यातला पहिला टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास; हा दुसरा रिमशी जुळला पाहिजे.

जुन्या २८ × १ १/२ च्या फ्रेमवर (रिम ६३५) हे ५५९चं चाक लावायचं असेल तर आधी फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात) आणि मागच्या नळ्यांमध्ये टायरला जागा आहे का ते मोजा. रिम ३८ मि.मी. खाली जाते, त्यामुळे जुन्या ब्रेकचे रबर तिथवर पोचत नाहीत. मागे कोस्टर ब्रेकचा (पेडल उलटं दाबल्यावर लागणाऱ्या ब्रेकचा) हब मिळाला तर उत्तम, पण त्याचा दांडा फ्रेमच्या नळीला क्लिपने आवळायला विसरू नका. पुढच्या ब्रेकसाठी लांब हातांचा कॅलिपर (रिमला दोन्ही बाजूंनी चिमटणारा ब्रेक) शोधा. शिवाय सायकल साधारण इंचभर खाली बसते आणि पेडल जमिनीला घासू शकतं, म्हणून वळताना आतलं पेडल वर ठेवा.