पंचवीस हजारांच्या आत टीव्ही घेताना

कमी पैशात टीव्ही घ्यायचा तर एक गोष्ट दुकानाची पायरी चढण्याआधीच ठरवावी: पैसे पॅनेलवर, म्हणजे चित्र दिसतं त्या पडद्यावर, आणि सर्व्हिसवर घालायचे, स्मार्टपणावर नाही. टीव्हीतलं सॉफ्टवेअर चार-पाच वर्षांत सुस्तावतंच. तेव्हा इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारी तीन-चार हजारांची स्टिक मागे एचडीएमआयच्या खाचेत खोचली की काम भागतं. पॅनेल गेलं तर खर्च नव्या टीव्हीच्या आसपास जातो आणि मेकॅनिकच म्हणतो, "नवाच घ्या की." दुकानदार मात्र सुरुवात व्हॉइस रिमोटपासून करतो.

आधी टेप काढा

बसायची जागा ते भिंत, एवढं अंतर मोजा. टीव्हीचे इंच तिरके मोजतात. ३२ इंची पडदा आडवा सुमारे ७१ सेंटिमीटर भरतो, ४३ इंची ९५. शोकेसच्या खणात बसवणार असाल तर चारी बाजूंनी हवेला चार बोटं सोडून हिशेब करा.

३२ इंचाला एचडी रेडी, म्हणजे १३६६ बाय ७६८, पुरतं. सहा फुटांपलीकडून त्यातले ठिपके डोळ्याला वेगळे दिसत नाहीत, त्यामुळे फुल एचडीसाठी जादा पैसे मोजू नका. ४३ इंचाला मात्र एचडी रेडी अजिबात नको. आठ फुटांच्या आत बसलं की अक्षरांच्या कडा करवतीच्या दात्यांसारख्या दिसतात. तिथे फुल एचडी हवं. सहा फुटांपुढून ४३ इंचावर फुल एचडी आणि फोर-के यांच्या रेखीवपणात फरक कळत नाही. तरी किमतीतलं अंतर दोन हजारांच्या आत असेल तर फोर-के घ्या, कारण नवा प्रोसेसर आणि जास्त रॅम बहुतेकदा त्याच मॉडेलांत येते.

घरात केबल किंवा फ्री डिशच चालणार असेल तर मोठा पडदा उलटा अंगावर येतो. एसडी, म्हणजे एचडी नसलेलं साधं चॅनेल ४३ इंचावर ताणलं जाऊन धूसर दिसतं, ३२ वर खपून जातं. अशा घरी चांगला ३२ इंची घेऊन उरलेले पैसे ठेवून द्यावेत.

पॅनेल कोणतं?

या किमतीत व्हीए आणि आयपीएस अशा दोन जाती भेटतात. व्हीएचा काळा रंग खरोखर काळा असतो, कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातलं अंतर, साधारण ३००० ला १ किंवा जास्त. आयपीएसचा १००० ला १ च्या आसपास, म्हणून दिवे मालवले की काळं राखाडी दिसतं; पण बाजूला बसलेल्यालाही रंग तेच दिसतात. सोप्यात तिन्ही बाजूंना माणसं बसून कुस्ती नाहीतर क्रिकेट बघत असतील तर आयपीएस. समोर एकच पलंग आणि रात्रीचे सिनेमे असतील तर व्हीए. खोक्यावर हे सहसा छापत नाहीत. टीव्हीच्या अगदी बाजूला उभं राहून पडद्यावरचा चेहरा बघा. तो फिका, पांढुरका पडला तर पॅनेल व्हीए.

एचडीआरची, म्हणजे उजळ आणि गडद भाग जास्त ठळक दाखवण्याच्या सोयीची, चिठ्ठी बघून भुलू नका. ब्राइटनेस ३०० निट्सच्या (निट हे उजेडाचं माप) आत असेल तर एचडीआर नावापुरताच. क्यूएलईडी म्हणजेही एलसीडीच, फक्त रंग जरा खुलतात.

खिशात पेनड्राइव्ह न्या

दुकानातला टीव्ही स्टोअर मोडवर, म्हणजे दुकानासाठीच्या भडक सेटिंगवर असतो आणि त्यावर कंपनीचाच फुलाफळांचा व्हिडिओ चालू असतो. त्यावरून काही ठरवू नका. सेटिंगमध्ये होम मोड करायला लावा आणि स्वतःचा पेनड्राइव्ह लावा. त्यात पाच कोऱ्या रंगांची चित्रं ठेवा: पांढरं, काळं, लाल, हिरवं, निळं. शिवाय एक रात्रीचं दृश्य आणि एक पळत्या खेळाचा व्हिडिओ. पांढऱ्यावर कोपरे काळवंडलेले किंवा मध्ये पिवळट डाग दिसले तर तो नग नको. काळ्यावर कडेने उजेड झिरपतो का बघा. तिन्ही रंगांवर न बदलणारा ठिपका दिसला तर तो मेलेला पिक्सेल.

कमी ओळखीच्या जोडणीच्या ब्रँडमध्ये "फोर-के सपोर्टेड" हा नेहमीचा डाव असतो. त्याचा अर्थ फोर-के व्हिडिओ चालतो एवढाच. पॅनेल एचडी रेडी असू शकतं. माहितीपत्रकात पॅनेलचं रिझोल्यूशन ३८४० बाय २१६० असं आकड्यात लिहिलेलं मागा. पारखायचं असेल तर एकेका पिक्सेलच्या काळ्या-पांढऱ्या रेघांचा फोर-के व्हिडिओ लावा आणि अगदी जवळून बघा. फोटो लावू नका, कारण कितीतरी अँड्रॉइड टीव्ही फोटो १०८० मध्येच, म्हणजे फुल एचडीतच दाखवतात आणि खरा फोर-के टीव्हीही नापास ठरतो. रेघा सुट्या दिसल्या तर खरं. सगळं राखाडी झालं किंवा लाटा उठल्या तर पॅनेल कमी आहे.

मग टीव्हीच्या पाठीमागे बघा. स्टिकरवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि "आर-" ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक नसेल तर किंमत कितीही कमी असो, पुढचं दुकान गाठा.

बाकीचं थोडक्यात

एचडीएमआय निदान दोन, जमल्यास तीन, त्यातलं एक एआरसी, म्हणजे टीव्हीचा आवाज बाहेरच्या स्पीकरला देणारं. सेट-टॉप बॉक्स एक अडवतो, स्टिक दुसरं. केबलचा जुना बॉक्स लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीचा असेल तर एव्हीची सोय आहे का विचारा. ती बऱ्याचदा एका छोट्या जोडवायरीने मिळते आणि ती वायर खोक्यात आहे का ते बघून घ्या. रॅम दीड-दोन जीबी. वायफाय ५ गिगाहर्ट्झही पकडणारं असेल तर बरं. फ्री डिश लावणाऱ्यांनी आत सॅटेलाइट ट्यूनर असलेलं मॉडेल विचारावं. तो असेल तर वेगळा बॉक्स लागत नाही आणि सह्याद्री वाहिनी थेट दिसते.

अँड्रॉइड असली आहे का, हे प्ले स्टोअर उघडून बघा. ते नसेल आणि भलतंच अ‍ॅप स्टोअर असेल तर टीव्ही मोबाइलच्या अँड्रॉइडवर चालतोय. अशा टीव्हीला बहुधा वाइडवाइन (ओटीटीची चोरी रोखणारं कुलूप) एल१ या वरच्या दर्जाचं नसतं, एल३ असतं, आणि मग पैसे भरून घेतलेलं ओटीटीसुद्धा सहसा ४८० च्या धूसर चित्रापुढे जात नाही.

सर्व्हिस आणि किंमत

पैसे देण्याआधी कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून आपला पिनकोड सांगा. सांगली शहराचा ४१६४१६ किंवा साताऱ्याचा ४१५००१ सांगितला की उत्तर गोड येतं. जत, आटपाडी, पाटण, जावळीकडच्या आडबाजूच्या गावाचा सांगा, मग खरं कळतं. माणूस घरी येतो की टीव्ही कोल्हापूर-पुण्याला न्यावा लागतो, किती दिवसांत, आणि पॅनेलची वॉरंटी किती, एवढं विचारा. फुटलेला पडदा आणि विजेने जळालेला बोर्ड सहसा वॉरंटीत बसत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. म्हणजे ३२ आणि ४३ ला कर आता सारखाच. "मोठ्याला टॅक्स जास्त" हे ऐकून घेऊ नका. सीरियल नंबर लिहिलेलं पक्कं बिल घ्या. हप्त्यावर घेणार असाल, किंवा उसाचं बिल आलंय म्हणून रोख देणार असाल, तर दोन्ही किमती वेगळ्या विचारा. बिनव्याजी हप्त्यात रोखीची सूट जाते आणि वर प्रोसेसिंग फी लागते.

डिस्प्लेचा नग स्वस्तात देतो म्हणाले तर नको म्हणा. तो रोज दहा-बारा तास पूर्ण उजेडावर चाललेला असतो, बॅकलाइटचं बरंच आयुष्य दुकानातच संपलेलं असतं.

घरी नेताना आणि लावताना

४३ इंची खोकं मोटरसायकलवर मागच्याच्या मांडीवर आडवं धरून नेऊ नका. खड्ड्यात खोकं मधून वाकतं आणि आतली काच तडकते. तडा टीव्ही चालू केल्यावरच दिसतो, तोवर दुकानदार हात वर करतो. छोटा हत्ती बोलवा, खोकं उभं ठेवा आणि उघडण्यापासून चालू करेपर्यंत सलग व्हिडिओ काढा. उचलताना खालची कड आणि बाजू धरा, पडद्यावर तळवा टेकवू नका.

भेंड्याच्या किंवा मातीच्या भिंतीत प्लॅस्टिकची गिट्टी धरत नाही. तिथे स्टँडच बरा. विटांच्या भिंतीला ब्रॅकेट लावताना टीव्हीसोबत आलेले किंवा त्याच मापाचे स्क्रू वापरा. जास्त लांब स्क्रू आत बोर्डापर्यंत जातो. कृष्णाकाठी २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्या घरांनी तळमजल्यावर उचलून काढता येईल असाच, आकड्याचा ब्रॅकेट घ्यावा.

स्टिकरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर कमी दाबासाठी वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही. खरा घात जास्त दाबाने होतो. डीपीवरची (ट्रान्सफॉर्मरवरची) न्यूट्रल वायर सुटली की घरात तीनशे-चारशे व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो आणि साधा स्पाइक गार्ड त्यापुढे टिकत नाही. जादा दाबाला लाइन तोडणारं ओव्हरव्होल्टेज प्रोटेक्टर घरातल्या विजेच्या बोर्डावर बसवून घ्या. वळवाचा पाऊस गडगडायला लागला की प्लग काढाच, आणि डिशच्या छत्रीची वायरसुद्धा; वीज त्याच वाटेने आत येते.

पहिल्याच दिवशी बॅकलाइट १०० वरून ६० ते ७० वर आणा. दिवसाउजेडीही पुरतो. पूर्ण उजेडावर एलईडी तापतात आणि स्वस्त टीव्हीत सगळ्यात आधी त्याच जातात. पुढे कधी आवाज येतोय पण चित्र नाही असं झालं तर अंधारात पडद्यावर बॅटरीचा झोत तिरका टाका. आत पुसटसं चित्र हलताना दिसलं तर पॅनेल शाबूत आहे, त्यामागच्या बॅकलाइटच्या एलईडी पट्ट्या गेल्यात. दुरुस्तीला देताना गेलेली एकच नाही, सगळ्या पट्ट्या बदलायला सांगा, नाहीतर दोन-चार महिन्यांत दुसरी जाते आणि मजुरी पुन्हा पडते.