ऑफसाइड ठरवायचा कसा

फुटबॉलमधील ऑफसाइडबाबतचे बहुतेक वाद दोन प्रश्नांची गल्लत केल्याने होतात. सहकाऱ्याने चेंडू खेळला किंवा त्याचा चेंडूला स्पर्श झाला, त्या क्षणी खेळाडू कुठे होता, हा पहिला प्रश्न. आणि त्यानंतर त्याने काय केले, हा दुसरा.

पहिल्यासाठी नजर पास देणाऱ्याच्या पायावर नव्हे, तर बचावाच्या रेषेवर ठेवावी. प्रतिस्पर्ध्यांच्या अर्ध्या भागात असलेल्या आक्रमकाचे डोके, धड किंवा पाय यांपैकी काहीही चेंडू आणि शेवटून दुसरा प्रतिस्पर्धी या दोघांपेक्षा गोलरेषेच्या जवळ असेल, तर तो ऑफसाइड स्थितीत आहे. हात यात धरले जात नाहीत आणि खेळाडू बरोबरीत असेल तर तो ऑफसाइड नसतो. ‘शेवटचा बचावपटू’ मोजण्याची सवय मात्र फसवते, कारण शेवटून दुसरा म्हणजे गोलरक्षक धरूनच दुसरा: गोलरक्षक पुढे धावून आला आणि गोलरेषेवर एकच बचावपटू उरला, तर गोलरक्षकाच्या मागे पास घेणारा आक्रमक समोर बचावपटू असूनही ऑफसाइडमध्ये सापडतो. पास सुटताना बरोबरीत असलेला खेळाडू चेंडू घेताना बचावापलीकडे एकटा दिसला, तरी तो निर्दोषच असतो.

नुसत्या स्थितीला शिक्षा नाही, आणि खरा कस लागतो तो इथेच. समजा, लांबून मारलेला फटका सरळ जाळ्यात गेला आणि ऑफसाइड स्थितीतील आक्रमकाने चेंडूला स्पर्शही केला नाही; तरीही तो गोलरक्षकाच्या अगदी पुढ्यात उभा राहून त्याची नजर स्पष्टपणे अडवत असेल, तर गोल रद्द होतो, आणि बाजूला, कोणाच्याही आड न येता उभा असेल, तर गोल मान्य होतो. गोलखांबावरून किंवा गोलरक्षकाने अडवल्यावर परत आलेला चेंडू ऑफसाइड स्थितीत असलेल्याने खेळणे हाही गुन्हाच आहे. बचावपटूने चेंडू जाणूनबुजून खेळला, तर आधीची ऑफसाइड स्थिती संपते. चेंडू त्याला नुसता लागून वळला, तर संपत नाही. हे ठरवताना त्याला चेंडू येताना स्पष्ट दिसत होता का आणि शरीर सावरायला वेळ मिळाला का, हे पाहावे. वेगाने आलेल्या चेंडूपुढे कसाबसा पाय घातला, एवढ्यावरून तो जाणूनबुजून खेळला असे मानणे मला अन्यायाचे वाटते.

गोल किक, थ्रो-इन आणि कॉर्नरवरून थेट आलेल्या चेंडूवर ऑफसाइड नसतो.

साहाय्यक पंचाने झेंडा वर करण्याची घाई करू नये. ऑफसाइड स्थितीतील खेळाडू खेळात प्रत्यक्ष सामील होतो की नाही, हे आधी पाहावे. गुन्हा झालाच, तर जिथे झाला तिथूनच अप्रत्यक्ष फ्री किक (जिच्यावरून थेट गोल करता येत नाही) मिळते, मग ऑफसाइड स्थितीतून परतून आक्रमकाने चेंडू स्वतःच्या अर्ध्या भागात का घेतलेला असेना. मुख्य पंचाने शिट्टी वाजवल्यावर साहाय्यक पंच पलीकडच्या बाजूच्या गुन्ह्यासाठी झेंडा तिरका वर, मधल्या पट्ट्यासाठी आडवा आणि जवळच्या बाजूसाठी तिरका खाली धरतो.