पल्स्ड पॉवरच्या लाइनला यायचंय? मग हे वाचा

एमएस्सी फिजिक्स किंवा बीई इलेक्ट्रिकल झालेली पोरं अधूनमधून विचारतात की हाय व्होल्टेजच्या, म्हणजे पल्स्ड पॉवरच्या (साठवलेली ऊर्जा क्षणभराच्या पल्समध्ये सोडायची) लाइनला यावं का, म्हणून एकदाच लिहून टाकतो. आपल्याकडे मोठी ठिकाणं म्हणजे ट्रॉम्बेचं बीएआरसी (काली मालिकेची इलेक्ट्रॉन बीमची मशीन्स त्यांचीच) आणि गांधीनगरचं आयपीआर (इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्च). एंट्रन्सचं सगळं त्यांच्या साइटवर आहे, ते तिथेच बघा.

माझा विषय दाबाखालच्या वायूतला नॅनोसेकंद डिस्चार्ज. हवेत सेंटिमीटरला साधारण 30 किलोव्होल्ट झाले की ठिणगी पडते हे पाठ असतं सगळ्यांना, पण व्होल्टेज एखाद्या नॅनोसेकंदात चढवलं तर गॅपला (दोन इलेक्ट्रोडमधल्या जागेला) फुटायला वेळच मिळत नाही, तोवर फील्ड कितीतरी पट वर गेलेलं असतं, आणि मग टोकदार कॅथोडजवळचे काही इलेक्ट्रॉन टकरींमध्ये गमावतात त्यापेक्षा जास्त ऊर्जा कमावत सुसाट सुटतात. हेच रनअवे इलेक्ट्रॉन. भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सनने 1925 सालीच ही कल्पना मांडली होती, तीही गडगडाटी ढगांबद्दल. रशियात टॉम्स्कला यावर भरपूर काम झालंय, तिथले पेपर आधी वाचून काढा.

मार्क्स जनरेटर (कपॅसिटर समांतर चार्ज करून एकापुढे एक जोडत व्होल्टेज वाढवणारं सर्किट) काय, चार-सहा महिन्यांत कोणीही उभा करतो. खरी पीएचडी जाते ती मोजण्यात. या रनअवे इलेक्ट्रॉनचा बीम असतो 100 पिकोसेकंदांच्या आसपास आणि 1 गिगाहर्ट्झच्या ऑसिलोस्कोपचा स्वतःचाच राइज टाइम (सिग्नल वर चढायला लागणारा वेळ) 350 पिकोसेकंद (0.35 भागिले बँडविड्थ, हे तोंडपाठ करा), म्हणजे स्क्रीनवर दिसतो तो स्कोप, बीम नाहीच. त्यात स्पार्क गॅपचा नॉइज सगळीकडून घुसतो. म्हणून फॉइलमागच्या (बीम बाहेर येतो ती पातळ धातूची खिडकी) कलेक्टरसमोर, म्हणजे बीमचा करंट पकडणाऱ्या इलेक्ट्रोडसमोर, जाड पितळी चकती लावून एक शॉट घ्यायचाच, इलेक्ट्रॉन तर आरपार येणार नाहीत, तरी पल्स दिसली तर तो नॉइज, विषय संपला. सुंदर पल्स घेऊन गाइडकडे गेलात तरी पहिला प्रश्न येतो, "चकती लावून बघितलंस का रे?"

सेफ्टीचं थोडक्यात. कपॅसिटर एकदा शॉर्ट केला तरी मोकळा ठेवला की थोडा चार्ज परत चढतो, त्यामुळे अर्थिंग रॉड त्यावर अडकवूनच काम करा. एसएफ-सिक्स (सल्फर हेक्झाफ्लोराइड, इन्सुलेशनसाठी भरतात तो वायू) हवेच्या पाचपट जड, वास नाही, केबल ट्रेंचमध्ये साठून बसतो, आणि डिस्चार्जनंतर त्यातून विषारी वायू बनतात, तेव्हा चेंबर नीट पंप केल्याशिवाय उघडू नका. इलेक्ट्रॉन धातूवर आपटले की एक्स-रे येणारच, "एवढीशी तर पल्स आहे" म्हणत रेडिएशन मोजायचा बॅज ड्रॉवरमध्ये ठेवणारे महाभाग प्रत्येक लॅबमध्ये भेटतात, त्यांचं ऐकू नका.