मुलासाठी ब्रिटिश नाव निवडताय? आधी मूळ बघा

माझे जावई वेल्सचे, त्यामुळे नातवाच्या वेळी नावांची यादी माझ्याकडेही आली. मी पहिल्यांदा विचारलं, यातली इंग्लिश कुठली, वेल्श कुठली, स्कॉटिश कुठली? तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. मूळ कळलं की अर्थ लावणं सोपं जातं.

जुनी इंग्लिश नावं बहुतेक दोन शब्द जोडून झालेली. ‘एड’ म्हणजे संपत्ती, भाग्य. त्याला राखणारा जोडला की एडवर्ड, मित्र जोडला की एडविन, रक्षण जोडलं की एडमंड. आल्फ्रेडमध्ये ‘एल्फ’ नावाचे अद्भुत जीव आणि सल्ला एकत्र आलेत. १०६६ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीतले नॉर्मन इंग्लंडवर चालून आले, त्यांच्याबरोबर विल्यम, हेन्री, रॉबर्ट आले आणि ही जुनी नावं हळूहळू मागे पडली. एडवर्ड मात्र टिकलं. राजा तिसरा हेन्री हा एडवर्ड द कन्फेसर या संत झालेल्या राजाचा निस्सीम भक्त. १२३९ मध्ये मुलगा झाला तेव्हा त्याने तेच नाव ठेवलं. मला स्वतःला हीच नावं सगळ्यात भारदस्त वाटतात.

हेन्री म्हणजे घराचा सत्ताधीश, हॅरी हे त्याचंच घरगुती रूप. जॉर्ज ग्रीकमधून आलेलं, अर्थ शेतकरी.

वेल्शमध्ये रीस म्हणजे उत्साह, आवेश. डिलनचं नातं समुद्राशी. इव्हान हे जॉनचंच वेल्श रूप, म्हणून आडनाव जोन्स असेल तर जरा थांबा, त्याच्याही मुळाशी जॉनच आहे! स्कॉटिशमध्ये कॅलम म्हणजे कबुतर, तर हेमिश हे जेम्सचं गेलिक, म्हणजे स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतलं, वळण.

दोन-तीन नावं उरली की प्रत्येक नाव आडनावासकट मोठ्याने हाक मारून बघा. आद्याक्षरं जोडून भलताच शब्द होत नाही ना, तेही तपासा. लघुरूप आवडत असेल तर थेट तेच ठेवा. आर्ची, आल्फी, टेडी ही आता सर्रास दाखल्यावरची नावं आहेत.

घाई मात्र नको. इंग्लंड-वेल्समध्ये जन्मनोंदणीला ४२ दिवस मिळतात, स्कॉटलंडमध्ये २१. सही करण्याआधी नोंद अक्षर न् अक्षर वाचा, विशेषतः रीससारखं नाव असेल तर, कारण त्याची दोन-तीन स्पेलिंगं चालतात.